आठवी आज्ञा आणि मतमोजणी



देशावर संकट आले की कायदा थोडा बाजूला ठेवावा लागतो, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. अशा वेळी एखादा खंबीर माणूस हवा, कोर्टकचेरी नंतर पाहू! फिलिपाइन्सच्या लोकांनाही १९७२ साली हेच सांगण्यात आले. कम्युनिस्ट बंडाचे कारण पुढे करून राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. संसद बंद झाली, वर्तमानपत्रांना टाळे लागले, विरोधक तुरुंगात गेले. हा देश बहुसंख्य कॅथॉलिकांचा आहे. पकडणारे आणि पकडले जाणारे कित्येकदा एकाच मिस्सेला बसत असतील. चर्चचे वरिष्ठही बरीच वर्षे जपूनच बोलत होते, हेही आपण कबूल केले पाहिजे. १९८१ साली लष्करी कायदा कागदावर उठला, सत्ता मात्र त्याच हातांत राहिली.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी तेथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. मनिलातील मतमोजणी केंद्रात निवडणूक आयोगासाठी काही तरुण मंडळी कॉम्प्युटरवर आकडे भरत होती. आपण भरलेले आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. ९ तारखेच्या रात्री सुमारे ३५ जण कामावरून उठले आणि बाहेर पडले. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. नोकरीचे काय, जिवाचे काय, घरी काय सांगायचे? त्यांना आसरा मिळाला तो बाक्लारानच्या चर्चमध्ये. माहीमला बुधवारी आपण ज्या मातेच्या नोव्हेनाला जातो, तिचेच ते चर्च.

सेमिनरीत असताना कायद्याविषयी संत थॉमस काय म्हणतात, यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. त्या रात्री उठलेल्यांना एवढे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना आठवी आज्ञा पुरेशी होती. खोटी साक्ष म्हणजे शेजाऱ्याविषयी खोटे बोलणे, असे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. खोटा आकडा ही तर एकाच वेळी लाखो शेजाऱ्यांविरुद्ध दिलेली खोटी साक्ष!

१३ फेब्रुवारीला तेथील बिशपांनी, फसवणुकीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक आधार नाही, असे जाहीर केले. २२ तारखेला कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांना रस्त्यावर येण्याची हाक दिली. रणगाड्यांपुढे लोक जपमाळा घेऊन गुडघे टेकून बसले. २५ तारखेला मार्कोस देश सोडून गेले. पुढचे सगळे काही सुरळीत झाले असे नाही. पण १९८७ साली लोकांनी नवी राज्यघटना मंजूर केली.

आपल्या धर्मग्रामातही निवडणुकीची ड्युटी लागणारे शिक्षक आणि सरकारी नोकर आहेत. ही ड्युटी म्हणजे कटकट, असेच आपण धरून चालतो. मतदानाआधीच्या रविवारी भाविकांच्या प्रार्थनेत यापुढे त्यांच्यासाठी एक विनंती असेल. ड्युटीवर जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी आशीर्वादासाठी जरूर यावे. आणि तेथे कुणी काही भलते करायला सांगितलेच, तर रात्री कितीही वाजता आमचे दार ठोठवावे.