धरणाचा विलंब आणि बुडिताचा हक्क

मोठे सिंचन धरण आखताना नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न समोर येतो. अनेकांच्या शेताला पाणी मिळावे म्हणून थोड्यांचे गाव बुडवणे न्याय्य आहे का? आणि त्या थोड्यांचे म्हणणे ऐकण्यात जी वर्षे जातात, ती कोणाच्या नावावर मांडायची?

याचे सरळ वाटणारे उत्तर ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वातून येते. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ते तपासले आणि नुसती डोकी मोजून नीतीचा निर्णय होत नाही, कर्त्याची बुद्धीही पाहावी लागते, असे मांडले. धरणाच्या हिशेबात आणखी एक अडचण आहे. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचा लाभ लांबतो, बुडीत क्षेत्रातल्या शेतकऱ्याची जमीन कायमची जाते. लांबलेले पाणी उद्या मिळू शकते, बुडालेले गावठाण परत मिळत नाही.

तरीही विलंबाची किंमत हलकी धरता येत नाही. पावसाने ओढ दिली की भंडाऱ्याकडचा धान उभ्याने वाळतो. अशा वर्षी काढलेले कर्ज पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकते, आणि त्या घरापुरता विलंबही न भरून येणारा ठरतो. लाभक्षेत्राची ही बाजू मांडणाऱ्याला निष्ठुर म्हणणे अन्यायाचे आहे. प्रश्न पुढचा आहे: हा विलंब खरोखर बुडितातल्या माणसाने केलेला असतो का?

नर्मदेवरील सरदार सरोवराचा घटनाक्रम याबाबत बोलका आहे. पायाभरणी एप्रिल 1961 मध्ये झाली. पाण्याचा वाटा आणि धरणाची उंची यांवर राज्यांचे जमेना, म्हणून 1969 मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा निवाडा 1979 मध्ये आला. ही 18 वर्षे राज्यांच्या वादात गेली. विस्थापितांचे संघटित आंदोलन उभे राहिले ते त्यानंतर. वैनगंगेवरील गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये झाली. सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट असलेल्या या प्रकल्पाचा खर्च मूळच्या सुमारे 372 कोटींवरून 18 हजार कोटींच्या पुढे गेला. धरणात पाणी साठू लागले तेव्हाही कालवे आणि वितरिका अपुऱ्याच होत्या. निधीची चणचण, वनजमिनीच्या मंजुऱ्या आणि कालव्यांची निकृष्ट कामे ही त्यामागची मोठी कारणे होती. त्यामुळे ‘धरणग्रस्तांनी काम अडवले’ हे वाक्य ऐकले की आधी तारखा तपासाव्यात.

शिवाय विलंबाचा मार बुडीत क्षेत्रावरही बसतो, आणि तो सहसा हिशेबात धरला जात नाही. अधिसूचना निघाली की जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने येतात. बुडणार असलेल्या गावात नवा रस्ता किंवा शाळेची नवी खोली बांधायला कोणी तयार नसते. मुलीच्या लग्नासाठी एकर विकावा तर गिऱ्हाईक मिळत नाही, घराची भिंत लिंपावी तर किती वर्षांसाठी, हे कळत नाही. गाव उठलेले नसते आणि नांदतही नसते. या प्रतीक्षेचा पुरता मोबदला भूसंपादनाच्या निवाड्यात सहसा दिसत नाही.

काही गोष्टी तर मोबदल्याच्या पलीकडच्या असतात. ग्रामदैवताची मूर्ती नव्या गावठाणात नेता येते, पण ज्या मातीत वाडवडिलांना मूठमाती दिली, ती नेता येत नाही. नदीवर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबाचा हक्क सातबाऱ्यावर नसतोच, म्हणून जमीनधारकांच्या यादीत त्याचे नाव लागत नाही. अशा वेळी स्थानिक हित म्हणजे फक्त जमीनमालकाचे हित ठरते.

हा पेच तराजूने सुटत नसेल, तरी कामांचा क्रम लावून बराच सुटतो. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ या महाराष्ट्रातल्या मागणीत हाच विचार आहे. नर्मदा लवादाने बुडिताच्या किमान एक वर्ष आधी पुनर्वसन व्हावे असे ठरवले, तर सर्वोच्च न्यायालयाने 2000 च्या निकालात उंची वाढवण्याचा प्रत्येक टप्पा पुनर्वसनाच्या प्रगतीशी जोडला. महाराष्ट्राच्या 1976 च्या पुनर्वसन कायद्याने लाभक्षेत्रातील मोठ्या जमीनधारकांची काही जमीन विस्थापितांसाठी घेण्याची तरतूद केली. ज्याला पाणी मिळणार त्याने जमिनीचा वाटा द्यावा, हे तत्त्व नैतिकदृष्ट्या फार मोलाचे आहे, कारण त्यात लाभ घेणारा आणि तोटा सोसणारा समोरासमोर येतात. ते पाळले गेले तेथे वाद थांबले नाहीत, पण वादाला जमिनीचा ठोस आधार मिळाला.

संमतीचा प्रश्न मात्र उघडाच राहिला. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची, तर सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्क्यांची संमती लागते. सरकारने स्वतः बांधायच्या सिंचन धरणाला अशी अट नाही. वेगळ्या कायद्याखाली पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास होणार असेल, तर सामाजिक परिणामांच्या अभ्यासातूनही सिंचन प्रकल्पाला सूट आहे. या सवलतीने आरंभीचे काही महिने वाचतात. ज्याचे घर पाण्याखाली जाते, त्याला मात्र भिंत सरकारने बांधली की कंपनीने, याने काहीच फरक पडत नाही.