स्वयंवादक पियानोचा कारागीर

कलावंताची गैरहजेरी सुसह्य करून देणे हाच ज्याचा धंदा, त्याला त्या कलेचा सेवक म्हणावे की वैरी, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दिवाणखान्यात पियानो आपोआप वाजतो, पट्ट्या खालीवर होतात, पाहुणे माना डोलावतात. परंतु त्या पियानोच्या पोटात विद्युच्चुंबकांची रांग बसविणारा कारागीर केव्हाच हत्यारे गुंडाळून निघून गेलेला असतो. त्याच्या जन्मभराच्या उद्योगात नीतीचा एक खरा पेच दडलेला आहे, असे मला वाटते.

पेच तसा जुनाच. कागदी भेंडोळ्यावरील छिद्रांतून हवा खेचून पियानो वाजविण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. १९०४ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे यांच्या कारखान्याने वादकाची लय आणि आघातांचे तारतम्यही भेंडोळ्यातून उमटविणारे यंत्र पुढे आणले. १९०६ साली सूझा या अमेरिकन बँडनायकाने यांत्रिक संगीताविरुद्ध कडक लेख लिहिला. घरोघरचे हौशी गाणेबजावणे याने मरेल, अशी त्याची धास्ती. त्यात त्याचा स्वार्थही होता, कारण भेंडोळ्यांबद्दल रचनाकारांस मोबदला मिळत नसे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, माणसाला वाचता न येणारे भेंडोळे ही स्वरलिपीची नक्कल नव्हे, असा निवाडाच दिला; पुढील वर्षी कायदा बदलावा लागला. परंतु स्वार्थी मनुष्याची भीतीही खरी असू शकते.

पुढे ग्रामोफोन व रेडिओ यांनी भेंडोळ्यांचा धंदा बसविला. तो इलेक्ट्रॉनिक रूपाने पुन्हा उभा राहिला तो १९७८च्या सुमारास, पियानोकॉर्डर या कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रामुळे. हे यंत्र घरच्या जुन्या पियानोतही बसविता येई, आणि येथेच कारागिराची पहिली परीक्षा होते. आजही विद्युच्चुंबकांची रांग पट्ट्यांच्या मागच्या टोकांखाली बसवावयाची, तर बहुधा पियानोच्या तळफळीत लांब खाच कापावी लागते. ही खाच पूर्ववत् होत नाही. पियानो शंभर वर्षे टिकतो. पियानोकॉर्डरचे हक्क मात्र १९८७ साली यामाहाने विकत घेतले आणि त्याचे उत्पादन थांबविले. दहा वर्षांच्या यंत्रासाठी शंभर वर्षांच्या लाकडावर करवत चालवावी काय? ‘वस्तू मालकाची, मर्जीही मालकाची’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मालकानंतर ती वस्तू दुसऱ्या कोणाच्या घरी जावयाची असते. उलट, कोणीही न वाजविणाऱ्या पियानोत कसर लागून आतली लोकर झडते, हेही कारागीर नित्य पाहतो. म्हणून करवत उचलण्यापूर्वी, हे काम परत फिरविता येणार नाही, असे मालकास स्पष्ट सांगणारा कारागीर माझ्या मते दोषी नाही. न सांगणारा आहे.

दुसरी परीक्षा याहून सूक्ष्म. १९८३ साली रूढ झालेल्या मिडी संकेतात आघाताच्या जोराच्या १२७ पायऱ्या आहेत. पण कागदावरील पायरी आणि लाकडातील पायरी एक नव्हे. एक पट्टी सैल, दुसरी दमट हवेने लोकर फुगल्यामुळे घट्ट. प्रवाह फार क्षीण असला, तर चुंबकाचा दांडा पट्टी अर्धवटच उचलतो, हातोडी तारेपर्यंत पोहोचत नाही आणि सूर गळतो. यासाठी कारागिराला अठ्ठ्याऐंशीही पट्ट्या कानाने तोलाव्या लागतात.

आता ग्राहक म्हणतो, जेवताना वाजावयाचे आहे, आवाज हळू ठेवा. तेव्हा दोनच वाटा उरतात. वादकाचे चढउतार त्याच प्रमाणात खाली आणले, तर हळुवार सूर अजिबात उमटत नाहीत. आणि हळुवार सूर वर उचलून जोरकस सूर दाबले, तर एकही सूर गळत नाही, पण सारे सपाट होते. पहिल्या वाटेने गेल्यास तक्रार येते. दुसऱ्या वाटेने येत नाही, कारण सूर गळाल्याचे कोणासही कळते. भाव गळाल्याचे कळावयास मूळ वादन कानात असावे लागते. अर्थातच धंदा दुसऱ्या वाटेने जातो. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने सुटणारा प्रश्न हा नव्हे. तंबोऱ्याने गायकाला आधार द्यावयाचा असतो, येथे यंत्र स्वतःच वादकाच्या नावाने बोलते.

आणि नाव लहान नसते. १९८२ साली वारलेल्या ग्लेन गूल्ड यांच्या १९५५च्या बाखवादनाचे ध्वनिमुद्रणावरून पृथक्करण करून, २००६ साली टोरांटोत ते यामाहाच्या स्वयंवादक पियानोकडून पुन्हा वाजवून घेण्यात आले. तेथे पियानोवर किती मेहनत घेतली जाते! दिवाणखान्यातल्या पियानोवरही तसाच कोणी दिवंगत वादक वाजत असतो. मात्र तेथे त्याच्या बाजूने बोलणारा कारागिराशिवाय कोणी नसतो. ‘मी फक्त पेच आवळले’ असे म्हणण्याची सोय त्याला नाही. कोणता सूर किती हळू उमटावा हे त्यानेच ठरविलेले असते. दुसरी वाट घ्यावयाची तर खुशाल घ्यावी, पण मालकाला एकदा दोन्ही प्रकार ऐकवावेत. त्यास दहा मिनिटे लागतात, आणि त्या दहा मिनिटांचे बिल कोणी देत नाही.