झारचा संशय

इंग्लंडच्या नौदलात नोकरी करता करता निकामी झालेल्या सात लेफ्टनंटांसाठी विंडसरच्या किल्ल्यालगत एक निवास होता. सॅम्युअल ट्रॅव्हर्स नावाच्या गृहस्थाने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून तो उभा राहिला होता. डोक्यावर छप्पर, ठरलेलं वर्षासन, सोबतीला आपल्यासारखेच सहा जण. बदल्यात लग्न करायचं नाही, तिथेच राहायचं आणि रोज दोन वेळा सेंट जॉर्ज चॅपेलमधल्या प्रार्थनेला हजेरी लावायची. १८१२ साली यातली एक जागा जेम्स होल्मन या तरुणाला मिळाली. पंचविशीतच त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. त्या काळी आंधळ्या माणसापुढे भीक, एखादं वाद्य किंवा नातलगांच्या घरातला कोपरा याखेरीज फारसं काही नसे. त्या मानाने होल्मनचं नशीब थोर. पोराची जन्माची सोय लागली, असंच कोणीही म्हटलं असतं.

या होल्मनने पुढे उभं जग पालथं घातलं. त्या भटकंतीबद्दल लिहायचं आहेच. पण त्याआधी ही लागलेली सोय त्याने पंचेचाळीस वर्षं कशी सोसली आणि पुन्हा पुन्हा कशी मोडली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. अंधत्वाने त्याला जेवढं अडवलं नाही, तेवढं या सोयीने अडवलं.

होल्मन एक्झेटरचा, औषधविक्रेत्याचा मुलगा. जन्म १५ ऑक्टोबर १७८६. बाराव्या वर्षी नौदलात भरती झाला, १८०७ साली लेफ्टनंट झाला. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ओल्या थंडीत त्याचे सांधे धरले. १८१० साली आजारी म्हणून जहाजावरून उतरावं लागलं आणि सांध्यांपाठोपाठ डोळेही गेले. बरोबरीची मुलं कप्तानपदाची स्वप्नं पाहत असताना हा किनाऱ्यावर येऊन पडला. मात्र हातपाय गाळून बसला नाही. एडिंबरा विद्यापीठात जाऊन त्याने वैद्यकाची व्याख्यानं ऐकली, आणि चालायला नव्याने शिकला.

हे चालणं समजून घेण्याजोगं आहे. पांढऱ्या काठीला अजून शंभर वर्षं अवकाश होता. होल्मनच्या हाती साधी फिरायची काठी असे, टोकाला धातूची टोपी बसवलेली. फरशीवर टोक आपटलं की आवाज परत येतो. भिंत हातभर अंतरावर असेल तर एक, वीस पावलांवर असेल तर दुसरा. दार उघडं असेल तिथे आवाज आत शिरून हरवतो, बोळाच्या तोंडाशी आणखी निराळा होतो. होल्मन या आवाजांवरून वाट काढायचा. घोड्यावर बसला की काठीचं काम घोड्याच्या टापा करत. आज प्रयोगशाळांतून या कौशल्याचा अभ्यास होतो आणि अंध मुलांना ते शिकवलंही जातं. होल्मनला शिकवणारा कोणी नव्हता.

दुसरं साधन लिहिण्याचं. आंधळ्याने टाकाने लिहायचं म्हटलं तर मोठी अडचण शाईची. ती संपली की नाही, ओघळली की नाही, टाक कोरडा पडला का, हे त्याला कळणार कसं? राल्फ वेजवुडने १८०६ साली काळ्या लेपाच्या कागदाचं पेटंट घेतलं होतं. त्या कागदावर बेतलेली एक चौकट मिळत असे, तिचं नाव नॉक्टोग्राफ. चौकटीवर आडव्या तारा ताणलेल्या, खाली लेप दिलेला कागद, त्याला लागून कोरा कागद. बोथट टोकाची सळई तारांच्या मधून चालवायची. तारांमुळे ओळ ढळत नाही आणि शाईची कटकट नाही. या चौकटीवर होल्मनने जन्मभर टिपणं काढली. मात्र लिहिलेली ओळ त्याला स्वतःला कधीच वाचता आली नाही. लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ साली छापून प्रसिद्ध केली, तेव्हा होल्मन पृथ्वीप्रदक्षिणेवर होता.

१८१९ च्या ऑक्टोबरात, प्रकृतीसाठी हवापालट हवा म्हणून रजा काढून, तो फ्रान्सला निघाला. बरोबर नोकर नाही, फ्रेंच जेमतेम. बसून बसून अंग आखडलं की घोडागाडीला दोरी बांधून घ्यायचा आणि तिचं टोक धरून गाडीमागून चालायचा, वेळ पडली तर धावायचा. १८२१ साली व्हेसुव्हियस धुमसत असताना त्या ज्वालामुखीवर चढून गेला. परतीच्या वाटेवर त्याला एक बहिरा स्नेही भेटला आणि दोघांनी इटलीपासून हॉलंडपर्यंत बरोबर प्रवास केला. बहिऱ्याने दिसेल ते सांगायचं, आंधळ्याने कानावर पडेल ते सांगायचं. लोकांना या जोडीचं हसू आलं असेल. मला तर शहाणपणाने वाटून घेतलेला इतका सुंदर प्रवास दुसरा माहीत नाही. १८२२ मध्ये या दौऱ्याचं पुस्तक निघालं आणि खपलंही.

त्याच वर्षी होल्मनने खरा बेत आखला: रशियातून सायबेरिया, तिथून पूर्व किनारा, मग समुद्रमार्गे पृथ्वीला वळसा घालून घरी. हा बेत त्याने फारच थोड्या जणांना सांगितला, कारण ऐकणाऱ्याने त्याला थांबवलंच असतं. जहाजाने पीटर्सबर्ग, मग मॉस्को, आणि मग एका तातार गाडीवानाबरोबर पूर्वेकडे. खडबडीत वाटा, चिलटांचे थवे, भाषा परकी. मॉस्कोपासून सुमारे पाच हजार किलोमीटरवरच्या इर्कुत्स्कला तो १८२३ साली पोचला. चीनच्या सरहद्दीवरच्या क्याख्ताच्या बाजारालाही जाऊन आला. आता पुढची निघायची तयारी. तेवढ्यात झार अलेक्झांडर पहिला याच्या हुकुमाने राजधानीहून एक खास जासूद येऊन थडकला. होल्मनने त्याच्याबरोबर ताबडतोब परत फिरावं, असा हुकूम. १८२४ च्या भर हिवाळ्यात त्याला घसरगाडीत घालून, आलेली सगळी वाट उलटी कापत, थेट रशियाच्या पश्चिम हद्दीपाशी नेऊन सोडलं. संशय एकच, हा माणूस हेर आहे.

ही घटना सहसा झारच्या खुळेपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. आंधळा माणूस आणि हेर! मला मात्र वाटतं, त्या काळी होल्मनला पुरतं ओळखलं असेल तर ते झारनेच. हा माणूस खेडोपाडी थांबतो, गव्हर्नरांच्या मेजवान्यांना बसतो, व्यापाऱ्यांना भाव विचारतो, कैद्यांविषयी चौकशी करतो, सगळं लिहून ठेवतो. त्याला दिसत नाही म्हणून लोक त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलतात. अशा माणसाच्या हाती साम्राज्याची खरीखुरी माहिती लागू शकते, हे पीटर्सबर्गच्या दरबाराला पटलं. लंडनच्या टीकाकारांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याच सुमारास सायबेरियात पायी फिरलेल्या कॅप्टन जॉन कोक्रेनने आपल्या पुस्तकात होल्मनला टोला लगावला. आंधळेसुद्धा जर हा प्रदेश सुखरूप पार करू लागले, तर त्याला दुर्गम म्हणणार कोण, अशा अर्थाचा. आपल्या पराक्रमाचं मोल एका आंधळ्याने कमी केलं, ही खरी सल. इतरांचा आक्षेप निराळा होता: ज्याला दिसतच नाही, तो प्रवास तरी कशासाठी करतो, आणि त्याच्या वर्णनावर विश्वास काय ठेवायचा? होल्मनने पुढे केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या ग्रंथात याला सरळ उत्तर दिलं आहे. प्रवासी जे जे लिहितात ते सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं का, असा त्याचा उलट सवाल आहे. डोळस माणूस एक नजर टाकतो, समाधान पावतो आणि पुढे जातो. मला ते सुख नाही, म्हणून विचारावं लागतं, ताडून पाहावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

हे म्हणणं किती खरं होतं, याचा एक दाखला प्रत्यक्ष डार्विनने दिला आहे. हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर दूरच्या किनाऱ्यांवरून कोणकोणत्या बिया वाहत येतात, ही माहिती होल्मनने तिथे वर्षभर राहिलेल्या एका माणसाकडून बारकाईने काढून घेऊन आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात नोंदवली होती. डार्विन १८३६ साली स्वतः त्या बेटांवर उतरला. तरीही आपल्या बीगल-प्रवासाच्या वृत्तांतात त्याने होल्मनची ही नोंद नावानिशी वापरली. निसर्ग इतक्या नेटाने पाहणाऱ्या माणसाला आंधळ्याचं टिपण विश्वासार्ह वाटलं, यात सगळं आलं.

आणि आपल्याकडे आंधळ्याचं चित्र काय आहे? आपल्या म्हणींतला आंधळा एक तर देवाकडे डोळा मागतो, नाही तर दळत बसतो आणि पीठ कुत्रं खातं. तो कुठे जात नाही. दुसऱ्या टोकाला आपण त्याला प्रज्ञाचक्षू म्हणून हात जोडतो. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि ग्रंथसंख्या शंभराच्या वर. त्यांची थोरवी वादातीत आहे. पण आंधळ्याच्या वाट्याला फक्त आतलं जग सोडायचं आणि बाहेरचं डोळसांनी ठेवून घ्यायचं, ही वाटणी मला मान्य नाही. होल्मनला आतला प्रकाश नको होता. त्याला इर्कुत्स्कची हवा, ब्राझीलमधली सोन्याची खाण आणि श्रीलंकेतली हत्तीची शिकार हवी होती.

त्याच्याही आधीचा एक माणूस इथे आठवतो. जॉन मेटकाफ, यॉर्कशरमधल्या नेअर्सबरोचा, जन्म १७१७. सहाव्या वर्षी देवीच्या रोगात डोळे गेले. फिडल वाजवून पोट भरायचा, पोहायचा, घोडा फेकायचा. डॉरोथी बेन्सन या मुलीचं लग्न दुसऱ्याशी ठरलं होतं, त्याच्या आदल्या रात्री तिला घेऊन पळाला आणि दोघांनी जन्मभर संसार केला. १७४५ च्या बंडाळीत सैन्याबरोबर स्कॉटलंडला जाऊन आला. नंतर मालवाहतुकीच्या गाड्या चालवल्या, आणि १७६५ साली टोलरस्त्याच्या तीन मैलांचं कंत्राट घेतलं. पुढच्या तीसेक वर्षांत त्याने उत्तर इंग्लंडमध्ये सुमारे १८० मैलांचे रस्ते बांधले. लांब काठी घेऊन एकटा माळरान तुडवायचा, चढ-उतार आणि माती पायांनी आणि काठीने तपासायचा. दलदलीत रस्ता खचतो म्हणून आधी झुडपांच्या मोळ्यांचा थर अंथरायचा आणि त्यावर खडी. लोकांनी वेड्यात काढलं, रस्ते टिकले. तो ९२ वर्षं जगला.

मेटकाफ होल्मनपेक्षा गरीब होता, अशिक्षित होता, लहानपणापासून आंधळा होता. तरी त्याला कुणाकडे रजेचा अर्ज करावा लागला नाही. कारण त्याची सोय कुणी लावलेली नव्हती. उपकार नव्हते, म्हणून उपकाराच्या अटीही नव्हत्या. याचा अर्थ तनखा वाईट असा कुणी काढू नये. होल्मनचा प्रवास वर्षासनावर आणि नौदलाच्या अर्ध्या पगारावरच झाला. वाईट होती ती त्याला जोडलेली अट: मदत हवी तर जागचं हलू नकोस. आजही कितीतरी घरांत अंध मुलाला नेमकी हीच अट प्रेमाने घातली जाते. जेवायला मिळेल, कपडालत्ता मिळेल, एकट्याने बाहेर पडायचं नाही.

रशियातून हाकलून दिल्यावरही होल्मनने बेत सोडला नाही. १८२६ साली रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. १८२७ मध्ये तो पुन्हा निघाला. गुलामांच्या व्यापारावर वचक बसवायला इंग्रजांचं ठाणं जिथे उभं राहत होतं, त्या पश्चिम आफ्रिकेच्या फर्नांडो पो बेटावर तो कॅप्टन ओवेनच्या तुकडीबरोबर उतरला. भोवती माणसं तापाने मरत होती. हा तगला, आणि तिथल्या एका नदीला त्याचं नाव मिळालं. पुढे ब्राझील, केप, मॉरिशस, मादागास्कर, झांझिबार, श्रीलंका, भारत, चीन, ऑस्ट्रेलिया. १८३२ साली प्रदक्षिणा पुरी झाली आणि पुढे तिच्यावरचे चार खंड लिहून झाले. घरी आल्यावर पुन्हा तेच चॅपेल, पुन्हा रजेचे अर्ज. प्रत्येक वेळी प्रकृतीचं कारण द्यावं लागे. कारण खोटं नव्हतं. एका जागी कोंडल्यावर त्याचं दुखणं खरोखरच बळावत असे आणि बाहेर पडलं की उतरत असे.

पन्नाशी ओलांडल्यावरही तो आणखी एका दीर्घ प्रवासाला गेला. पण तोवर वाचकांचं कुतूहल आटलं होतं. पहिल्यांदा आंधळा प्रवासी हे नवल होतं. नवल ओसरलं तसे प्रकाशकही ओसरले, आणि त्याने जमवलेल्या माहितीकडे माहिती म्हणून पाहणारे थोडेच उरले. शेवटची वर्षं त्याने आत्मचरित्र लिहिण्यात घालवली. २९ जुलै १८५७ रोजी लंडनमध्ये तो वारला. ते हस्तलिखित पुढे कधी छापलं गेलं नाही, आणि आज त्याचा पत्ता नाही. ही हानी मला फार मोठी वाटते. प्रवासवर्णनांत स्वतःविषयी हात राखून लिहिणाऱ्या या माणसाने अंधाराबद्दल जे काही मोकळेपणाने सांगितलं असेल, ते त्याच कागदांत असणार.

छापलेली पुस्तकं मात्र शिल्लक आहेत आणि त्यांचे हक्क केव्हाच संपले आहेत. होल्मनची जन्मतारीख, १५ ऑक्टोबर, हाच आज जगभर पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून पाळला जातो आणि महाराष्ट्रात त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिन असतो. शाळांतून, ग्रंथालयांतून त्या दिवशी काहीतरी वाचलं जातंच. पुढच्या वर्षी सायबेरियाच्या त्या प्रवासातलं एखादं प्रकरण मराठीत आणून मोठ्याने वाचा, ध्वनिमुद्रित करा, आणि जवळच्या अंधशाळेतल्या मुलांपर्यंत पोचवा. मुलं ऐकून झाल्यावर कुठेतरी जायचं म्हणाली, तर त्यांना अडवू नका.