कैवल्य आणि करुणा

पातंजल योगदर्शनावरील प्रवचन आटोपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, “बाबा, पहाटे ध्यानास बसलो की आतल्या खोलीत आजारी पत्नीस खोकल्याची उबळ येते. उठावे तर ध्यान मोडते, न उठावे तर मन खाते. शास्त्राचे म्हणणे काय?” प्रश्न साधा दिसतो, परंतु योगाचे प्रयोजन कोणते, हाच त्याचा गाभा आहे.

2015 पासून 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे योग म्हणजे आसने व आरोग्य, असा समज पुष्कळांचा झाला आहे. वस्तुतः योगसूत्रांच्या चार पादांत मिळून 195 सूत्रे असून (काही पाठांत 196), त्यांत आसनाचा विचार अवघ्या तीन सूत्रांत उरकला आहे. तिसऱ्या पादात सिद्धींचे वर्णन विस्ताराने येते. पण त्या समाधीच्या मार्गातील अडथळे होत, असेही सूत्रकार तेथेच बजावतात. देहसौष्ठव नव्हे आणि चमत्कारही नव्हे. तर कैवल्य हेच त्या शास्त्राचे साध्य होय.

आता, ‘केवल’ म्हणजे एकटा. तेव्हा कैवल्य म्हणजे सर्वांचा संग तोडून एकटे होणे, असा अर्थ काही जण करतात आणि योग्यास स्वार्थी ठरवितात. हा अर्थ शास्त्रास धरून नाही. येथे वियोग सांगितला आहे तो द्रष्टा व दृश्य यांचा. चित्ताच्या वृत्तींशी पुरुष स्वतःस एकरूप मानतो, ही अविद्या. तिच्यापासून अस्मिता, राग, द्वेष व अभिनिवेश हे क्लेश उपजतात. विवेकख्यातीने ही सरमिसळ सरली की पुरुष स्वरूपी राहतो. तोडावयाचे ते हे अज्ञान; माणसांशी असलेला दयाभाव नव्हे.

याची साक्ष साधनक्रमच देतो. आठ अंगांत प्रथम यम आणि यमांत प्रथम अहिंसा. जाती, देश, काल व प्रसंग यांची सबब तेथे चालत नाही. तसेच सुखी जनांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता व पापी जनांविषयी उपेक्षा यांची भावना केल्याने चित्त प्रसन्न होते, असे प्रतिपादन आहे.

यावर कोणी म्हणेल, “मग करुणा हे केवळ स्वतःचे चित्त निर्मळ करण्याचे साधन ठरले; त्यात परहित कोठे?” आक्षेप टाळण्याजोगा नाही. सूत्रात करुणेचे स्थान साधनाचेच आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुःखिताचे दुःख दूर व्हावे ही इच्छा खरी नसेल, तर ती करुणाच नव्हे. आणि मग तिने चित्तही निवळणार नाही. शिवाय व्यासभाष्यात ईश्वराविषयी म्हटले आहे की, त्यास स्वतःसाठी काही मिळवावयाचे नसताही भूतांवर अनुग्रह करणे हे त्याचे प्रयोजन आहे. म्हणजे स्वार्थ संपला की करुणा संपते, असे हे दर्शन मानीत नाही. वैराग्याने करुणेतील ‘माझे’पण जाते, करुणा जात नाही. कैवल्यात चित्तच आपल्या कारणी लीन होते, तेथे कर्तव्याचा प्रश्न उरत नाही, हे खरे. पण त्या अवस्थेचे नाव सांगून आज दारचे कर्तव्य चुकविण्याचा अधिकार साधकास नाही.

म्हणून त्या गृहस्थांस आम्ही म्हणालो, “खोकला हे विघ्न नव्हे. तो ऐकून मनात जो त्रासिक भाव उठतो, ते विघ्न. कारण तो द्वेष आहे. आपण उठावे, पाणी द्यावे, पाठीवरून हात फिरवावा आणि पुन्हा आसनावर बसावे.” ते काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “म्हणजे उठताना कपाळाला आठी पडते की नाही, तेवढे पाहायचे.”

साधकांनी ध्यानाची परीक्षा याच कसोटीवर करावी.