बाप्तिस्म्याच्या पलीकडचा पूर्वज

घराण्याचा शोध घ्यायचा म्हटले की मराठी माणसाची पावले ठरावीक दारांकडे वळतात. त्र्यंबकेश्वरच्या नाहीतर पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनाम-वतनाचे कागद, तहसील कचेरीतली कडईपत्रके, आणि आधी कुणी खटपट करून ठेवलेली असली तर छापील कुलवृत्तांत. या कागदांत ज्यांची नावे येतात त्यांचा जमिनीशी, वतनाशी किंवा तीर्थयात्रेशी काही ना काही संबंध होता. गावकुसाबाहेर राहणारा माणूस कुलकर्ण्याच्या दप्तरात आला तर वतनाच्या हिश्श्यापुरता किंवा तंट्यापुरता. त्याची बायको, सून, लेक तर तेवढ्यापुरतीही नाही. अशा घरातल्या कुणी आज आपला खापरपणजा शोधायचा ठरवले तर जायचे कुठे? महाराष्ट्रात आणि गोव्यात या प्रश्नाचे एक उत्तर चर्चच्या जुन्या इतिहासांत आहे, आणि ते फक्त ख्रिस्ती वाचकांच्या उपयोगाचे आहे असे मुळीच नाही. मात्र या इतिहासांना साक्षीला बोलवायचे तर त्यांची उलटतपासणीही करावी लागते. आपल्याकडे ती फारशी झालेली नाही.

चर्चची नोंदवही आणि चर्चचा इतिहास या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्रेंतच्या परिषदेने १५६३ मध्ये ठरवून दिले की प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्रीने बाप्तिस्म्याची आणि लग्नांची वही ठेवावी. त्या वहीत बाळाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता आणि धर्ममाता, तारीख, विधी करणारा पाद्री अशी ओळीने माहिती असते. १९०८ पासून तर माणसाचे पुढे लग्न झाले की ते कुठे आणि कुणाशी झाले, हे त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात टिपण्याचा दंडक आला. वांद्र्यात जन्मलेल्या मुलीचे लग्न कराचीत झाले असेल तर तो धागा वांद्र्याच्या वहीच्या समासात सापडू शकतो. लॅटिनमध्ये लिहिलेला ‘योआन्नेस’ पोर्तुगीज कागदांत ‘जुआंव’ होतो आणि घरात त्याला तिसऱ्याच नावाने हाक मारत असतात, एवढे ध्यानात ठेवले की या वह्या भरभरून बोलतात.

पण कोणती वही उघडायची, हे वही सांगत नाही. ते सांगतात चर्चचे इतिहास: हे गाव आधी कोणत्या धर्मग्रामात होते, केव्हा वेगळे झाले, कोणत्या पंथाच्या पाद्रींकडे होते. मुंबईचे उदाहरण घ्या. १७९४ पासून १९२८ पर्यंत या बेटावर कॅथलिकांवर दोन सत्ता एकाच वेळी चालत होत्या. एक पोर्तुगालच्या राजाश्रयाची म्हणजे पाद्रोआदोची, दुसरी रोमच्या धर्मप्रसार-खात्याची म्हणजे प्रोपागांदाची. एकाच आळीतली दोन घरे दोन वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असत, आणि घराण्याने बाजू बदलली तर आज्याची नोंद एका चर्चमध्ये, नातवाची दुसऱ्यात. अर्नेस्ट हल या जेजुइटाने या वादावर १९२७ ते १९३० दरम्यान दोन खंड लिहिले. ब्राझ फर्नांडिस यांचे वांद्र्याच्या इतिहासावरचे पुस्तक १९२७चेच. धर्माधिकाराच्या त्या भांडणात आज कुणाला रस नसेल, पण ते कळल्याशिवाय मुंबईच्या कॅथलिक घराण्याची वंशावळ दोन पिढ्यांपलीकडे सरकवणे अवघड. पोर्तुगीज कागदांत गोव्याची सासष्टी आणि मुंबईची साष्टी जवळजवळ सारख्याच लिहिल्या जातात, हाही एक जुना चकवा आहे.

खरी परीक्षा गोव्यात होते. सोळाव्या शतकात बारदेश फ्रान्सिस्कनांकडे आणि सासष्टी जेजुइटांकडे सोपवली गेली. दोन्ही संघांनी आपापल्या पराक्रमाचे ग्रंथ लिहिले. पावलू द त्रिंदादे या फ्रान्सिस्कनाने १६३०च्या दशकात आपल्या संघाचा विस्तृत वृत्तांत तयार केला. फ्रान्सिस्कु द सौझा या जेजुइटाचा ‘ओरियेंते कोंकिस्तादु’ १७१० मध्ये लिस्बनला छापला गेला. नावातच ‘जिंकलेली पूर्व’ आहे, त्यामुळे लेखकाची बाजू ओळखायला कष्ट नकोत. तरीही या ग्रंथांत गावांची नावे आहेत, देवळे कुठे होती याच्या खुणा आहेत, कोणता गावकर आधी बाप्तिस्म्याला तयार झाला आणि कोण नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर गेला याच्या हकिकती आहेत. विजयाच्या कथेत लेखक जिंकलेल्या वस्तूंची यादी देतो, आणि तीन-चारशे वर्षांनी आपल्याला ती यादीच हवी असते.

म्हणून या ग्रंथांचा वाचक फक्त मडगावचा किंवा म्हापशाचा कॅथलिक असून भागत नाही. मुंबई-पुण्यातली कितीतरी हिंदू घराणी कुलदेवतेसाठी मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला जातात. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. ही सगळी गावे जुन्या सासष्टीतली. देव तिथून का आणि कोणत्या दबावाखाली हलले, हे आपल्याकडे देवस्थानांच्या माहात्म्यांतून सांगितले जाते. पण देऊळ होते ती जमीन, देवळाच्या सेवेकऱ्यांना लावून दिलेली शेते आणि त्यांचे पुढे काय झाले, हे पाहायचे तर १५६०च्या दशकातल्या पोर्तुगीज जमीन-नोंदी आणि जेजुइटांची पत्रे यांच्याकडे जावे लागते. ती पत्रे योसेफ विकी यांनी ‘दोकुमेंता इंदिका’च्या अठरा खंडांत छापून ठेवली आहेत. आपले देऊळ पाडणाऱ्यांच्या कागदांतून आपल्या देवळाचा ठाव घ्यायचा, हे मनाला लागते. पण ती माहिती दुसरीकडे इतक्या तपशिलाने मिळत नाही, आणि ती सोडून देण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

आता आडनावांचा गुंता. गोव्यातल्या आपल्या घराण्याचा शोध घेणारा बहुतेक जण पहिल्यांदा इथेच फसतो. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्त्याला आडनाव मिळे ते बहुधा धर्मपित्याचे. तो धर्मपिता पोर्तुगीज अधिकारी असे किंवा खुद्द पाद्री. एकाच दिवशी पाण्याखाली आलेल्या शेजाऱ्यांना एकच आडनाव मिळे, आणि सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले तर त्यांची आडनावे वेगळी होत. त्यामुळे दोन फर्नांडिस घराण्यांत रक्ताचे नाते असेलच असे नाही, आणि एक डिसौझा व एक मिनेझिस एकाच आज्याचे नातू असू शकतात. चर्चच्या वहीत सोळाव्या-सतराव्या शतकाकडे मागे मागे जाताना एका टप्प्यावर भिंत येते. त्या भिंतीपलीकडचा माणूस ख्रिस्ती नव्हता, त्याला पोर्तुगीज आडनाव नव्हते, म्हणून चर्चच्या लेखी तो नव्हताच.

भिंतीपलीकडे जायची वाट गावकारीच्या, म्हणजे गावकरांच्या सामाईक जमीन-संस्थेच्या, कागदांतून जाते. गावाच्या मूळ कुळांचे वांगड म्हणजे गट धर्मांतराने मोडले नाहीत. हिंदू आणि ख्रिस्ती गावकर एकाच वांगडात राहिले, गावकारीच्या उत्पन्नातला वाटा म्हणजे जोण घेत राहिले. जोणकारांची यादी आणि बाप्तिस्म्याची वही शेजारी शेजारी ठेवली की आडनाव बदललेले कूळ पुन्हा ओळखू येते. चर्चचा इतिहास त्या दोन कागदांमधली तारीख देतो: या गावात सामूहिक बाप्तिस्मा केव्हा झाला, त्या वेळी पाद्री कोण होता, पोर्तुगीज कप्तान कोण होता. कप्तानाचे आडनाव कळले की निम्म्या गावाला ते कुठून चिकटले ते कळते. तिन्ही साधने तीन वेगळ्या हेतूंनी लिहिलेली आहेत, म्हणूनच ती जुळली तर जुळणीवर भरवसा ठेवता येतो.

या ग्रंथांचा एकांगीपणा किती खोल जातो, हे कुंकळ्ळीच्या प्रकरणात दिसते. जुलै १५८३ मध्ये तिथे पाच जेजुइट मारले गेले. रुदोल्फ अक्वाविवा हा त्यांतला प्रमुख, काही महिन्यांपूर्वी अकबराच्या दरबारातून परतलेला. त्यांचे जन्म, घराणी, शिक्षण, शेवटचे शब्द, सगळे जपून लिहिले गेले आणि १८९३ मध्ये रोमने त्यांना धन्य घोषित केले. याच प्रकरणात कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. चर्चच्या कथनात ते मारेकऱ्यांचा जमाव म्हणून येतात. त्यांची कुळे, त्यांच्या जप्त झालेल्या जमिनी आणि वंशजांचे हक्कांसाठीचे झगडे दुसऱ्या कागदांत विखुरले आहेत. चर्चचा इतिहास इथे फेकून द्यायचा नाही, पण एकट्याने वाचायचाही नाही.

नगर जिल्ह्याची गोष्ट निराळी. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. त्या ठाण्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १८८१ मध्ये, भरलेल्या मेळाव्यातले निबंध पुढच्या वर्षी भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून पुस्तकरूपाने निघाले. हे पुस्तक, मिशनचे वार्षिक अहवाल आणि १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’तले मृत्युलेख एकत्र वाचले तर राहुरी, नेवासे, शेवगाव, वडाळे भागातल्या कितीतरी खेड्यांचे एकोणिसावे शतक उभे राहते. शाळा केव्हा निघाली, विहिरीवरून तंटा कुठे झाला, दुष्काळात कोणत्या वाडीतले लोक उठून गेले. नगरच्या फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांच्या मनाने मुलींच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. ती शाळा कशी चालत होती हे जाणून घ्यायचे तर मिशनच्या कागदांना पर्याय नाही.

आणि नावे! बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ लिहिले, लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांच्यासारख्यांना आपली गोष्ट आपल्या हाताने सांगता आली. वडाळ्याच्या महारवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्त्यांना ती संधी बहुधा मिळाली नाही. ते दिसतात ते मिशनऱ्याच्या अहवालात, अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेल्या परिच्छेदात. परिच्छेदाचा साचा ठरलेला असतो: आधी अंधार, मग प्रकाश, मग छळ, मग दृढ श्रद्धा. साचा बाजूला केला तरी नाव, गाव, नाते आणि साल उरते. गावाचे नाव इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेले असते. ते मोठ्याने वाचावे, म्हणजे ओळख पटते. बाईचे नाव बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावाचूनही आढळते, कारण चर्चची सभासद ती स्वतः झालेली असते. कुलवृत्तांतांत सुना ‘सौ.’ होऊन गडप होत होत्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे.

इथेही एकाच वहीवर थांबून चालत नाही. १८७६ च्या दुष्काळाच्या सुमाराला अँग्लिकन मिशन नगर जिल्ह्यात काम करू लागले, पाठोपाठ जर्मन जेजुइट आले. एकाच भावकीतली घरे तीन पंथांत वाटली गेली. पुढे अमेरिकन आणि अँग्लिकन परंपरेतली मंडळे १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये एक झाली आणि दप्तरांच्या जागा बदलल्या. आज पणजोबाची नोंद कुठल्या कपाटात आहे, हे या भांडणा-मिलाफाचा इतिहास वाचल्यावाचून कळत नाही.

एक गोष्ट मात्र गोव्याच्या आणि नगरच्या कागदांना सारखीच लागू आहे आणि ती नाजूक आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत किंवा अहवालात माणसाची पूर्वीची जात पुष्कळदा लिहिलेली असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे जी नोंद एखाद्या संशोधकाला अनमोल वाटते ती एखाद्या कुटुंबाला अडचणीची ठरू शकते, तर दुसऱ्याला तोच आपल्या हक्काचा पुरावा वाटतो. बिनबापाचे मूल, दत्तक, मोडलेले लग्न यांच्याही नोंदी त्याच वहीत असतात. काही पाद्री संशोधकाला वही दाखवायला कां कू करतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच काळजी असते, आणि ती रास्त आहे.

तरीही वाळवीने आणि दमटपणाने पाने जात असताना कपाट बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. पणजीमधल्या पुराभिलेखागाराने गोव्यातल्या कितीतरी धर्मग्रामांच्या जुन्या वह्या सांभाळल्या आहेत. वसई, मुंबई आणि नगर भागाच्या बिशपांनी निदान शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी प्रत काढून अभ्यासकांना खुल्या कराव्यात, त्यानंतरच्या नोंदी फक्त त्या कुटुंबातल्या माणसाने विचारले तर दाखवाव्यात, आणि जातीचा रकाना कुणाला दाखवायचा हे त्या कुटुंबाला ठरवू द्यावे. हे काम पाद्रींच्या सवडीवर सोडून होणारे नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी गावनिहाय हाती घ्यावे असे ते आहे. गावची कडईपत्रके, मिशनचे अहवाल आणि चर्चच्या वह्या एका टेबलावर ठेवून, त्याच गावची मुले सोबत घेऊन.