दोष काढणं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या भाषेत ‘दोष काढणं’ याचे दोन अर्थ आहेत. एक, नावं ठेवणं. दुसरा, असलेला दोष मुळापासून दूर करणं. पहिल्याने माणूस तुटतो, दुसऱ्याने सावरतो. आपण यातलं नेमकं काय करतोय, हे ओळखायचं कसं? हा आजचा विचार.

उदाहरण घराजवळचं घेऊ. बमरोलीत पावसाळा सरला, की परसात किंवा गच्चीवर सामानासाठी केलेली लाकडी खोली उघडावी लागते. आत कुबट वास, फळ्यांवर पांढरी बुरशी, खालच्या कडा काळ्या, दार फुगून अडलेलं. आपण काय करतो? बुरशी पुसतो आणि वरून ऑइलपेंटचा हात मारतो. दिवाळीत खोली नवी दिसते. पण ओल रंगाखाली कोंडते, रंगाला फोड येतात आणि लाकूड आतून कुजत राहतं.

जाणता सुतार ब्रशला हात लावण्याआधी विचारतो, पाणी येतं कुठून?

वाटा तीन. वरून येत असेल, तर भर पावसात आत उभं राहून पत्र्याचे जोड आणि स्क्रूची भोकं बघावीत. खालून येतं का, हे बघायला जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडा चिकटवून दिवसभर ठेवावा. खालच्या बाजूला पाणी धरलं तर ओल जमिनीची, वरच्या बाजूला धरलं तर हवेतली. तिसरी वाट आतली. ओली गोणपाटं, अर्धवट वाळलेल्या सतरंज्या आत टाकून दार लावलं, की थंडीच्या रात्री पत्रा गार पडतो आणि कोंडलेली दमट हवा थेंब होऊन टपकते. छप्पर कुठेच फुटलेलं नसतं, तरी आपण पत्रेवाल्याला बोल लावतो!

इलाजही वाटेप्रमाणे. वरची गळती बुजवावी, पन्हाळ लावावी. खालच्या ओलीसाठी खोली विटांवर उचलावी. आपल्या जुन्या घरांत लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा असायचा तो यासाठीच. आतल्या ओलीला समोरासमोर दोन झरोके. मग फळ्या खिळ्याने टोचून बघाव्यात. टणक लागली ती वाळवून ठेवावी, खिळा सहज घुसला तेवढा भाग कापून काढावा. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही.

संसारातही हेच. मुलगा खोटं बोलायला लागला, लूमवरून 12 तासांची पाळी करून आलेला माणूस शब्दाशब्दाला चिडतो, सून अबोल झाली. आपण म्हणतो, ‘चार लोकांत शोभतं का?’ हा झाला रंग. पाणी कुठून येतंय? वरून कामाचा, कर्जाचा ताण? खालून संगत? की आपल्याच टोमण्यांनी घरातली हवा कोंडली आहे? ही तिसरी वाट तपासायला कुणीच पुढे येत नाही.

कुणी म्हणेल, कारण कळलं म्हणजे सगळं माफ का? मुळीच नाही. खोलीची ओल शोधण्याआधी आपण सामान बाहेर काढतो. तसंच दारू पिऊन हात उगारणारा असेल, तर आधी बायको-मुलांना सुरक्षित करायचं, त्याचा हात थांबवायचा. त्याचं दुःख त्यानंतर समजून घ्यायचं. ‘सहन कर, सुधारेल’ असं सांगणं म्हणजे सामान ओलीत कुजू देणं. त्याला सेवा म्हणू नये. कुजलेला भाग कापावाच लागतो. मात्र पाणी न थांबवता नवी फळी ठोकली, तर तीही कुजते.

आता सुरुवातीचा प्रश्न. शोध संपल्यावर हातात फक्त कुणाचं तरी नाव उरलं, तर आपण नावं ठेवली. हातात करण्यासारखं काम उरलं, तर दोष निघायला सुरुवात झाली. आणि बहुतेक वेळा त्यातलं थोडं काम आपल्याच वाट्याचं निघतं.

या आठवड्यात घरातल्या एका तक्रारीला ही कसोटी लावून बघा.

॥ शुभं भवतु ॥