अब्रूचा दावा

कर्जतचे एक स्नेही परवां म्हणाले, "खालापुरास माझी नालस्ती चालली आहे, फिर्याद करूं काय?" मला टिळकांचें स्मरण झालें. १८८२ सालीं कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यांत टिळक व आगरकर आरोपी होते. ज्या पत्रांवर त्यांनीं विश्वास ठेवला तीं बनावट निघालीं, आणि दोघांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. पुढें टिळकच वादी झाले. चिरोलच्या पुस्तकाविरुद्ध लंडनांत लावलेला दावा १९१९ सालीं ते हरले. खर्चही अंगावर पडला. तथापि त्यांची लोकमान्यता रतिभर उणी झाली नाहीं.

मग न्यायालय व्यर्थ काय? तसें नव्हे. बर्व्यांवरील आळ छापला गेला होता. तो खोटा ठरविण्यास न्यायासनच हवें होतें. परंतु न्यायासन आळ पुसतें, अब्रू देत नाहीं. शिवाय लोकहितास्तव केलेलें सत्यकथन गुन्हा नव्हे, हें तत्त्व १८६० च्या दंडसंहितेंत होतें व २०२३ च्या न्यायसंहितेंतही आहे. म्हणून फिर्यादीनें प्रथम स्वतःचीच उलटतपासणी घ्यावी.

स्नेह्यांस मीं इतकेंच सांगितलें: आळ खोटा असून त्यानें पोटावर पाय येत असेल, तर अवश्य लढा, केवळ मन दुखावलें असेल, तर शेजाऱ्यांनीं पाहिलेलें तुमचें आजवरचें वर्तन हीच साक्ष पुरे.